मुनेरबीचा मेहबूब

बार्शीहून धाराशिवला यायला आज जेमतेम तासाभराची वाट. १९४८ पर्यंत मात्र या वाटेवर सरहद्द होती. बार्शी इंग्रजी अमलात आणि आमचा तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात. राज्ये दोन, पण बाजार एकच, बोलीही एकच, आणि पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या ओव्याही त्याच. बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ पासून येडशी, तेर करीत लातूरला जाई, ती माणसे आणि माल घेऊन ही हद्द रोज ओलांडत होती. त्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल जन्मला. महाराष्ट्र त्याला लोकशाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. ‘ओळखत होता’ असे म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

घरची गरिबी पाचवीला पुजलेली. पण आई मुनेरबीच्या ओठांवर लोकगीतांचे भांडार होते. शाहिराचे पहिले विद्यापीठ ते. मुसलमान घरातल्या या आईने मुलाला मराठमोळ्या ओवीची लय दिली, याचे नवल आज आपल्याला वाटते. आमच्या भागात तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. बाई जात्यावर बसली की ओवी आपोआप येई. ती कुणाच्या धर्माची, हे विचारायला कोण जातो?

मेहबूबने बसगाडीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत घाम गाळला. १९३० साली सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे हे चौघे फासावर गेले. सारा जिल्हा पेटला होता. मिसरूडही न फुटलेला मेहबूब त्या लढ्यात शिरला आणि विसापूरच्या तुरुंगात पोचला. तिथे त्याला साम्यवादी विचाराची ओळख झाली. पुढे बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात तो आघाडीवर राहिला. नंतर कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करताना मेहबूबचा अमर शेख झाला.

मुंबईत त्याला जोडीदार भेटले ते अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर. १९४४ मध्ये तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा बाज त्यांनी तोच ठेवला, आतला मजकूर पालटला. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, मालक आणि कामगार उभे राहिले. अण्णा भाऊंची लेखणी, गव्हाणकरांची शाहिरी आणि अमर शेखांचा तो पहाडी आवाज! डफावर थाप पडून हा गळा लागला की मैदान ताब्यात येई. बँकेच्या नोकरीत मी खेडोपाडी पुष्कळ कर्जमेळावे भरवले. दोनशे माणसे अर्धा तास एका जागी बसवताना काय नाकीनऊ येतात ते मला ठाऊक आहे. म्हणून हजारोंना रात्र रात्र बसवणाऱ्या या माणसाचे मोठेपण मला नुसत्या ग्रंथांतून कळलेले नाही.

गोवामुक्तीचा लढा झाला, पाठोपाठ संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला. ज्याच्या बालपणी गावाबाहेरच परके राज्य सुरू होई, त्याला मराठी मुलूख एक व्हावा याची तळमळ कुणी शिकवायला नको होती. १ मे १९६० रोजी राज्य झाले. बार्शी आणि उस्मानाबाद, दोन्ही त्यात एकत्र आले.

शाहीर नुसता गायक नव्हता. ‘कलश’, ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांच्या नावावर आहे. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी संसाराच्या ओझ्याखाली पिचलेला कुंभार उभा केला. गोरोबाकाकांच्या तेरला मानणाऱ्या आम्हा लोकांना तो कुंभार घरचाच वाटतो.

१९६९ चा पावसाळा मात्र वैऱ्यासारखा आला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले. २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघाताने अमर शेखांना नेले. त्रेपन्नावे वर्षही पुरे झाले नव्हते. संयुक्त महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज अडीच महिन्यांत मुके झाले.

अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा असाच एक गायक होता. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्यांची गाणी गात तो फिरला. त्याला गुरू मानणाऱ्या बॉब डिलनला २०१६ च्या ऑक्टोबरात साहित्याचे नोबेल जाहीर झाले. नेमकी त्याच महिन्यात आमच्या शाहिराची जन्मशताब्दी होती. तिकडे गाण्याला साहित्याचा मान मिळाला. इकडे मुंबई विद्यापीठात शाहिरांच्या नावाचे अध्यासन आहे, कन्या मल्लिका अमर शेख यांची कविता मराठीत मानाने वाचली जाते. एवढ्यावर आपण समाधान मानायचे का?

शाहिरी कागदावर अर्धीच उतरते. उरलेली अर्धी गळ्यात असते. आज आमच्याकडच्या शाळांतून स्नेहसंमेलने दणक्यात होतात. त्यांत एखाद्या पोराच्या हाती डफ द्यावा आणि शाहिराचे एक गाणे त्याच्याकडून बसवून घ्यावे. घरात आजी असेल, तर तिच्याजवळ बसून चार ओव्या उतरवून घ्याव्यात. मुनेरबीच्या घरी तरी याहून वेगळे काय होते?