आग्र्याच्या हमीची किंमत : मिर्झाराजे जयसिंग

तेल्हारा : सुट्ट्या लागल्या की तेल्हारा, अकोट, बाळापूर परिसरातून उत्तर भारताच्या सहलीला निघणाऱ्या मंडळींच्या यादीत आग्र्याचे नाव हमखास असते. ताजमहाल डोळे भरून पाहिला जातो. किल्ल्यासमोरील शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे प्रत्येक मराठी माणूस नतमस्तक होतो. मात्र ताजमहालाची जागा, महाराजांची आग्राभेट आणि आपल्या बाळापूरची छत्री या तिन्हींशी एकाच पुरुषाचे नाव निगडित आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. तो पुरुष म्हणजे आमेरचे मिर्झाराजे जयसिंग.

जयसिंगांचा जन्म १६११ चा. आमेरच्या कछवाह घराण्याचे वऱ्हाडाशी नाते त्यांच्याही आधीचे होते. अकबराचे नामांकित सेनापती राजा मानसिंग हे त्यांचे पणजोबा. दक्षिणेच्या मोहिमेवर असताना १६१४ मध्ये मानसिंगांचे निधन एलिचपूर येथे, म्हणजे आजच्या अचलपुरात झाले. वडील महासिंग यांनाही १६१७ मध्ये बाळापूर येथेच मृत्यूने गाठले. अतिरिक्त मद्यपान हे त्याचे कारण असल्याची नोंद बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. वयाच्या अवघ्या सहाव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा १६२१ च्या सुमारास आमेरच्या गादीवर आला.

त्यानंतरची जवळजवळ पंचेचाळीस वर्षे जयसिंगांनी मोगलांच्या सेवेत घालविली. तलवारीइतकीच त्यांची बुद्धीही धारदार होती. शहाजहानने त्यांना ‘मिर्झाराजा’ हा किताब दिला. हिंदी काव्यातील ‘सतसई’चे कर्ते कवी बिहारी हे त्यांच्याच दरबारातील होत.

बेगम मुमताजमहल १६३१ मध्ये बऱ्हाणपूर येथे बाळंतपणात मरण पावली. तिच्या कबरीसाठी आग्र्यात यमुनाकाठची जी जागा निवडण्यात आली, ती मानसिंगांच्या हवेलीची आणि वारशाने जयसिंगांची होती. बादशहाने तिच्या मोबदल्यात त्यांना चार हवेल्या दिल्या. त्याविषयीचे १६३३ चे फर्मान उपलब्ध आहे. आज लाखो पर्यटक ज्या भूमीवर उभे राहतात, ती कधीकाळी आमेरच्या राजांची होती.

शहाजहानच्या पुत्रांमध्ये सिंहासनासाठी युद्ध पेटले, तेव्हा जयसिंगांनी प्रथम दाराच्या बाजूने शुजाचा पराभव केला. १६५८ मध्ये सामूगढच्या लढाईत दाराचे नशीब फिरताच ते औरंगजेबाला मिळाले. एवढेच नव्हे, तर जोधपूरच्या जसवंतसिंगांनी दाराला मदत करू नये म्हणून त्यांचे मनही त्यांनीच वळविले. वाऱ्याची दिशा ओळखण्याचे हे कौशल्य त्यांच्या उत्कर्षाचे एक रहस्य होते.

शाहिस्तेखानाची फजिती आणि सुरतेची लूट यांनी संतापलेल्या औरंगजेबाने अखेर याच अनुभवी सेनापतीला दक्षिणेत धाडले. मार्च १६६५ मध्ये जयसिंग पुण्यास पोहोचले आणि त्यांनी पुरंदरला वेढा घातला. मुरारबाजी देशपांडे यांनी प्राणांची बाजी लावली. तथापि मोगली तोफांपुढे गड फार काळ तग धरणे कठीण होते. जून १६६५ मध्ये तह झाला. महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले; बारा त्यांच्याकडे राहिले. जयसिंगांच्या कारकिर्दीतील हा सर्वोच्च क्षण होता.

याच यशातून पुढचे संकट जन्मले. महाराजांनी बादशहाची भेट घ्यावी, असा आग्रह जयसिंगांनी धरला आणि त्यांच्या सुरक्षिततेची हमी स्वतः घेतली. आग्र्यात ती निभावण्याची जबाबदारी त्यांचे पुत्र रामसिंग यांच्यावर आली. जानेवारी १६६६ मध्ये किल्ल्यात बंदिवान असलेला शहाजहान मरण पावल्यावर औरंगजेबाचा दरबार आग्र्यास भरू लागला होता. १२ मे १६६६ रोजी महाराज त्या दरबारात गेले. तेथे झालेला अपमान, महाराजांचा बाणेदारपणा आणि त्यानंतरची नजरकैद हा इतिहास सर्वश्रुत आहे. रामसिंग बादशहापुढे जामीन राहिले. पित्याचा शब्द पुत्राने आपल्या परीने पाळला.

१७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज निसटले आणि बादशहाचा रोष आमेरच्या घराण्यावर कोसळला. रामसिंगांवर संगनमताचा संशय घेऊन त्यांची मनसब काढून घेण्यात आली, त्यांना दरबारही बंद झाला. इकडे दक्षिणेत जयसिंगांची विजापूरवरील मोहीमही फसली होती. या मोहिमेवर त्यांनी पदरचे एक कोटी रुपये खर्च केले आणि त्यातील काहीही त्यांना परत मिळाले नाही, असे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी नमूद केले आहे.

या दिवसांतील एक गोष्ट मिर्झाराजांच्या चाहत्यांना बोचणारी आहे. बादशहाची मर्जी परत मिळविण्यासाठी, सोयरिकीचे आमिष दाखवून महाराजांना बोलवावे आणि वाटेत त्यांचा काटा काढावा, असा मनसुबा त्यांनी वजीर जाफरखानाला लिहिलेल्या पत्रात मांडला होता. ज्यांच्या जिवाची हमी घेतली, त्यांच्याच जिवावर उठण्याची भाषा त्यांच्या लेखणीतून उतरली. तो बेत प्रत्यक्षात आला नाही. पण धन्याचा विश्वास टिकविण्यासाठी एक मानी राजपूत कोठवर उतरू शकतो, याची ती साक्ष होय.

एवढे करूनही धनी प्रसन्न झाला नाही. १६६७ मध्ये दक्षिणेची सुभेदारी शहजादा मुअज्जमकडे सोपविण्यात आली आणि जयसिंगांना परत बोलाविण्यात आले. थकलेला, कर्जाने वाकलेला हा सेनापती उत्तरेकडे निघाला; पण आमेर त्याला पुन्हा दिसले नाही. २८ ऑगस्ट १६६७ रोजी बऱ्हाणपूर येथे त्यांचे निधन झाले. विषप्रयोगाची वदंता तेव्हाही होती; तिला निर्णायक पुरावा मात्र नाही. तापीकाठी बऱ्हाणपूरला ‘राजाची छत्री’ त्यांच्या स्मरणार्थ उभी आहे.

बाळापुरात मन नदीच्या काठी असलेली काळ्या दगडाची छत्री मिर्झाराजांनी बांधल्याचे परंपरेने सांगितले जाते. पणजोबा अचलपूरला, वडील बाळापूरला आणि स्वतः जयसिंग बऱ्हाणपूरला निवर्तले. तीन पिढ्यांच्या चाकरीचा शेवट वऱ्हाड आणि त्याच्या वेशीवर झाला. भुसावळमार्गे आग्र्याला जाणाऱ्या गाड्या बऱ्हाणपूरवरूनच जातात. आग्र्याची सहल ठरविताना तेल्हाऱ्याच्या पर्यटकांनी आधी बाळापूरची छत्री पाहावी. ताजमहालातून मोगलांचे वैभव कळते. ते वैभव ज्यांच्या खांद्यावर उभे होते, त्यांच्या वाट्याला काय आले, हे मन नदीकाठच्या या छत्रीखाली उभे राहिल्यावर उमगते.