शॉर्ट नसताना ‘शॉर्ट’ का दिसतो? किरचॉफ यांच्याकडे आहे उत्तर

सर्किट बोर्डाचे डिझाइन करताना सॉफ्टवेअर कधी कधी शॉर्ट दाखवते. शोधूनही चूक सापडत नाही. हा गोंधळ समजून घ्यायला गुस्ताव किरचॉफ आजही उपयोगी पडतात.

कोण होते किरचॉफ?
जन्म १२ मार्च १८२४, कोनिग्सबर्ग. विद्यार्थी असतानाच १८४५ मध्ये त्यांनी विद्युतमंडलाचे नियम मांडले. जोडबिंदूत जितका प्रवाह येतो, तितकाच बाहेर पडतो, हा त्यातला एक. पुढे हायडेलबर्गला बुन्सेन यांच्यासह वर्णपटावरून सीझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधली. अपघातानंतर कुबड्या आल्या, तरी शिकवणे सुटले नाही. १८७५ मध्ये ते बर्लिनला गेले. १७ ऑक्टोबर १८८७ रोजी तिथेच निधन झाले.

मग शॉर्ट कुठला?
किरचॉफ यांच्या हिशेबात थेट तारेने जोडलेले सगळे एकच बिंदू. नावाला महत्त्व नाही. सॉफ्टवेअर मात्र नावे पाहते. अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड मुद्दाम एका जागी जोडले, तरी नावे दोन असल्याने ते शॉर्ट ठरवते.

उपाय काय?
त्या जागी ‘नेट टाय’ ठेवावा. तपासणीच बंद केली, तर खरा शॉर्टही लपतो आणि तो बोर्ड बनून आल्यावरच कळतो.