बर्फवाला डॉक्टर

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की धाकधूक होते. चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र मेकॅनिकलवाल्यांचा लाडका आहे : बर्फ!

सुट्टीत मामाकडे गेले होते. त्यांच्याकडे ओट्यावर ठेवायचं छोटं बर्फाचं मशीन आहे. ते घरघर करत होतं, पण बर्फ निघत होता पापुद्र्यासारखा पातळ. मामांचं मत पडलं, गॅस गेला, आता भंगारात द्यायचं. मला मात्र थर्मोच्या तासाला ओझरतं ऐकलेलं एक नाव आठवलं : डॉ. जॉन गॉरी.

हे गृहस्थ इंजिनिअर नव्हतेच! जन्म १८०३ चा, शिक्षण डॉक्टरीचं. १८३३ साली ते अमेरिकेत फ्लोरिडातल्या अपालाचिकोला या बंदरात राहायला आले. तिथे ते पोस्टमास्तर झाले, महापौरही झाले. पण गावात दर उन्हाळ्यात तापाची साथ यायची आणि माणसं जायची. दमट, खराब हवेमुळे ताप येतो असा तेव्हा समज होता. म्हणून डॉक्टरांनी खोलीत छताजवळ बर्फाचं भांडं टांगलं. गार हवा जड, ती खाली रुग्णावर उतरायची.

पण बर्फ आणायचा कुठून? उत्तरेकडची गोठलेली तळी कापून, भुशात गुंडाळून तो जहाजाने यायचा. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तर १८३३ मध्येच असा बर्फ पार कलकत्त्याला पोचवला होता! जहाज आलं नाही तर रुग्णाने काय करायचं? गॉरींनी ठरवलं, बर्फ आपणच बनवायचा. १८४५ च्या सुमारास त्यांनी चालू प्रॅक्टिस सोडली आणि यंत्राच्या मागे लागले.

युक्ती साधी होती. हवा दाबली की ती तापते. (सायकलचा पंप मारताना हात लावून बघा.) ती उष्णता पाण्याने काढून घ्यायची. मग तीच हवा दुसऱ्या सिलिंडरमध्ये प्रसरण पावू द्यायची, की ती एकदम थंड होते आणि शेजारचं पाणी गोठतं. म्हणजे थंडी कुठून आणायची नसते, उष्णता बाहेर घालवायची असते!

६ मे १८५१ रोजी त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं, नंबर ८०८०. इथे सिनेमा संपायला हवा होता ना? पण नाही. पैसे घालणारा भागीदार वारला. वर्तमानपत्रांनी टर उडवली. दुसरं कोणी पैसे देईना. १८५५ साली, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, डॉक्टर गेले. यंत्र काही बाजारात आलं नाही.

गंमत म्हणजे त्यांचं निदानही चुकीचं होतं. मलेरिया डासांमुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना आपल्या सिकंदराबादला मिळाला तो १८९७ मध्ये. निदान चुकलं, पण यंत्र बरोबर निघालं. १९१४ मध्ये फ्लोरिडाने वॉशिंग्टनच्या संसदभवनात त्यांचा पुतळा बसवला. तोवर त्यांना जाऊन ५९ वर्षं झाली होती.

तर मामांचं मशीन. मी विचार केला, उष्णता बाहेर जातेय का? मशीन भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेलं आणि मागच्या जाळीत धुळीचा थर! प्लग काढला, ब्रशने कंडेन्सर साफ केला, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडली. टाकीत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो काढला, दोनदा साध्या पाण्याने धुतलं आणि फिल्टरचं गार पाणी भरलं. पहिला घाणा बारीकच आला, तो तसा येतोच. तिसऱ्या घाण्याला जाडजूड बर्फ! एवढं करूनही दांडे गार झाले नसते, तर मात्र गॅसचा संशय घेऊन मेकॅनिकला बोलावलं असतं.

मामा खूष. मला मात्र सरबत पिताना त्या डॉक्टरांचीच आठवण येत होती. मला तिसऱ्या घाण्याला यश मिळालं. त्यांना हयातीत मिळालंच नाही, तरी त्यांनी हातातलं काम सोडलं नाही. सबमिशनच्या रात्री प्रोजेक्ट चालत नसला, की मित्रांनो, एकदा त्यांना आठवा. आणि हो, आधी कंडेन्सर बघा!