सुटलेला बंदी आणि औंधचे पंतप्रतिनिधी

दीर्घ कारावास भोगून नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगातून सुटलेला मनुष्य जेव्हा एटापल्लीच्या किंवा सिरोंच्याच्या वाटेस लागतो, तेव्हा न्यायासनाचे त्याच्याकडील देणे फिटलेले असते. समाज मात्र ते फिटले असे मानीत नाही. जमीन भाऊबंदांच्या वहिवाटीत गेलेली असते, पोटची पोरे ओळखीत नाहीत, आणि काम मागावयास तो दुकानाची पायरी चढला की मालकाची नजर प्रथम गल्ल्याकडे जाते.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरास घडलेल्या प्रसंगावरून ज्यांस फाशीच्या शिक्षा झाल्या, त्यांपैकी ज्यांचे प्राण वाचले व पुढे जे सुटून आले, त्यांस आपल्या लोकांनी डोक्यावर घेतले. ते योग्यच झाले. परंतु ज्याच्यासाठी हारही नाही व सभाही नाही, अशा सामान्य बंद्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर एका महाराष्ट्रीय संस्थानिकाने आपल्या कृतीने देऊन ठेविले आहे. त्याच्या चरित्राकडे आज आमच्या वाचकांचे लक्ष आम्ही वेधू इच्छितो.

श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ साली झाला. हल्लीच्या सातारा जिल्ह्यातील औंधच्या गादीवर ते १९०९ साली बसले. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे, आणि त्यातील पुष्कळसा मुलूख दुष्काळी. राजेसाहेब पदवीधर, स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९३५ साली इंदूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. परंतु त्यांचा खरा गुण निराळाच. ज्याचे आसन उखडले आहे, त्यास ते जागा देत. बेळगावहून बिऱ्हाड हलवावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांस त्यांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर जागा दिली व तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच कारखान्यात पुढे शिक्षा भोगलेल्या दरोडेखोरांस रात्रीच्या रखवालीवर नेमण्यात आले. इंग्रज सरकारच्या रोषास पात्र झालेल्या पंडित सातवळेकरांसही औंधातच आश्रय मिळाला.

१९३९ च्या जानेवारीत राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना दिली. तिच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला होता, आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांचे श्रम होते. याच फ्रीडमनांच्या मनात आले की, प्रजेवर जर विश्वास टाकावयाचा, तर तुरुंगातील प्रजेवर का टाकू नये? राजेसाहेबांनी संमती दिली, आणि त्याच वर्षी आटपाडीच्या कोरड्या रानात स्वतंत्रपूर ही बंद्यांची वसाहत उभी राहिली. तेथे उंच भिंत नव्हती आणि पायांत बेडीही नव्हती. खुनासारख्या घोर अपराधाची शिक्षा भोगणारे लोक तेथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले.

यातील मर्म व्यापारी वर्गाने नीट ध्यानात घ्यावे. तुरुंगात मनुष्याचे उठणे, जेवणे, निजणे घंटेवर चालते. बारा-चौदा वर्षे ज्याने एकही निर्णय स्वतः घेतला नाही, त्यास एके सकाळी मोकळे सोडून प्रपंच कर म्हणणे, हे अंथरुणाला खिळलेल्या रोग्यास उठताक्षणी धावावयास लावण्यासारखे होय. स्वतंत्रपुरात बियाणे केव्हा पेरावे, पाणी कोठे वळवावे आणि घरात काय शिजवावे, याचा विचार ज्याचा त्यास करावा लागे. सुटण्यापूर्वीच त्यास संसाराची सवय पुन्हा लागत असे.

कोणी म्हणेल, ज्याच्या घरचे माणूस मारले गेले त्याच्या दुःखाचे काय? हा आक्षेप क्षुद्र नव्हे. ते दुःख भरून निघत नाही. परंतु अपराध्याची बायको उपाशी राहिल्यानेही ते भरून निघत नाही. आणि सर्व दारे बंद झालेला मनुष्य पुन्हा आडवाटेस गेला, तर उद्या आणखी एका घरात तेच दुःख शिरते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी राजेसाहेब निवर्तले. गादी गेली, पण स्वतंत्रपूर राहिले. तेथील प्रयोगावरून १९५७ साली शांतारामबापूंनी काढलेला चित्रपट जगाने पाहिला, आणि ती वसाहत आता सांगली जिल्ह्यात सरकारी देखरेखीखाली चालू आहे. आपल्या गडचिरोलीसही खुले कारागृह आहे.

परंतु खुल्या तुरुंगाबाहेरचे गावच जर बंद असेल, तर सरकार एकटे काय करणार? औंधच्या राजापाशी होती ती ७२ गावे. आमच्या व्यापाऱ्यांपाशी मूल-सिंदेवाहीच्या भाताच्या गिरण्या आहेत, बल्लारपूरचे लाकडाचे अड्डे आहेत, तेंदूपानाचे फड आहेत. प्रत्येकाने सुटून आलेला एक मनुष्य कामावर घ्यावा, त्यास इतरांइतकीच मजुरी द्यावी, आणि त्याचा अपराध चारचौघांत पुन्हा उगाळू नये. विश्वास आधी टाकावा लागतो. तो सार्थ ठरला की नाही, हे मागाहून कळते. औंधच्या राजाने हा धोका पत्करला. जंगलाच्या या मुलखात तो पत्करणारे दहा गृहस्थ निघाले, तरी दहा घरांत पुन्हा चूल पेटेल.