फ्रान्स्वा राउल्ट : द्रावणांचा अभ्यासक

कुल्फी करताना साच्याभोवतीच्या बर्फात मीठ घालतात. मिठामुळे बर्फ वितळू लागतो. वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो सभोवतालातून शोषून घेतो आणि मिश्रणाचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या बरेच खाली उतरते. मीठ विरघळलेले पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणूनच हे घडते. क्षार जितका अधिक, तितका पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, असे इंग्लंडमधील चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्ये दाखवून दिले होते. तथापि निरनिराळ्या पदार्थांना लागू पडेल असा एकच नियम मिळण्यास पुढे जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. तो नियम फ्रान्स्वा-मारी राउल्ट यांनी शोधला.

राउल्ट यांचा जन्म १० मे १८३० रोजी उत्तर फ्रान्समधील फूर्न या गावी झाला. पैशांच्या अडचणीमुळे त्यांचे पॅरिसमधील शिक्षण खंडित झाले. १८५३ मध्ये त्यांनी रॅन्स येथील शाळेत कनिष्ठ पदावर नोकरी धरली. नोकरीनिमित्त त्यांना गावोगाव फिरावे लागले, परंतु अभ्यास त्यांनी सोडला नाही. १८६२ मध्ये ते सांस येथील शाळेत रसायनशास्त्राचे अध्यापक झाले. तेथेच त्यांनी विद्युतघटांवरील प्रबंध पूर्ण केला आणि पुढील वर्षी पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्या वेळी त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते.

१८६७ मध्ये राउल्ट आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या ग्रनोबल शहरी आले. तीन वर्षांनी ते तेथील विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत त्याच पदावर राहिले. राजधानीपासून दूर असलेल्या या शहरात त्यांनी द्रावणांचा गोठणबिंदू मोजण्याचे काम हाती घेतले. या विषयावरील त्यांचा पहिला निबंध १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे अंशाच्या शतांशाचाही फरक महत्त्वाचा असल्याने काम अत्यंत चिकाटीचे होते. एकामागून एक पदार्थ विरघळवून मोजमाप करताना त्यांना एक सूत्र गवसले. एक किलोग्रॅम पाण्यात १८० ग्रॅम ग्लुकोज विरघळवले, तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. उसाच्या साखरेसाठी तेवढ्याच उताराला ३४२ ग्रॅम लागतात. या दोन्ही राशींतील रेणूंची संख्या समान असते. म्हणजेच येथे महत्त्व वजनाला नसून रेणूंच्या संख्येला असते. १८८२ मध्ये मांडलेल्या या नियमामुळे अज्ञात पदार्थाचा रेणुभार केवळ तापमापीच्या साहाय्याने काढता येऊ लागला.

यानंतर त्यांनी बाष्पदाबाकडे लक्ष वळवले. द्रव वाळतो तो बाष्परूपाने. त्यात न उडणारा पदार्थ विरघळला, तर बाष्पदाब घटतो व वाळणे मंदावते. ही घट रेणूंच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे त्यांनी १८८७ मध्ये सिद्ध केले. हाच आज विद्यार्थी शिकतात तो राउल्टचा नियम होय.

मात्र मीठ या नियमात बसेना. विरल द्रावणात मिठामुळे होणारा उतार अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट भरत असे. असे गैरसोयीचे आकडे दडपून टाकण्याचा मोह एखाद्याला झाला असता. राउल्ट यांनी ते जसेच्या तसे प्रसिद्ध केले. हॉलंडचे व्हान्ट हॉफ यांनी आपल्या द्रावणविषयक सिद्धांतासाठी राउल्ट यांच्या मोजमापांचा आधार घेतला. १८८७ मध्ये स्वीडनचे तरुण शास्त्रज्ञ अर्‍हेनियस यांनी त्या दुपटीचे कारण सांगितले : पाण्यात मिठाचे विघटन होऊन दोन विद्युतभारित कण तयार होतात. अशा रीतीने नियमाला अपवाद ठरलेल्या आकड्यांतूनच एका नव्या सिद्धांताला बळकटी मिळाली.

१८९२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने राउल्ट यांना डेव्ही पदक देऊन गौरवले. १ एप्रिल १९०१ रोजी ग्रनोबल येथे त्यांचे निधन झाले. शिक्षणात खंड पडूनही अभ्यासाची वाट न सोडणाऱ्या या शिक्षकाचे नाव रसायनशास्त्रात कायमचे कोरले गेले आहे.