कै. विष्णुपंत छत्रे : घोडा आणि गाणे

भारतीय सर्कशीचे जनक म्हणून कै. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचे नाव सर्वत्र आदराने घेतले जाते. आपल्या ग्वाल्हेरीशी त्यांचे जे नाते होते, ते मात्र लष्करातील जुन्या मराठी घराण्यांतूनही आता फारसे कुणाला ठाऊक नसते. ज्या दोन विद्यांवर विष्णुपंतांचे आयुष्य उभे राहिले, त्या दोन्ही त्यांनी याच गावी संपादन केल्या. त्यांपैकी एकीने त्यांना कीर्ती आणि पैसा दिला. दुसरीचे ऋण ते त्या पैशातून आयुष्यभर फेडीत राहिले. ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी वाचकांपुढे ठेवावयाची आहे ती ही दुसरी हकीकत.

विष्णुपंत मूळचे कृष्णाकाठच्या, औदुंबरालगतच्या अंकलखोपचे. तरुणपणी ते ग्वाल्हेरीस आले तेव्हा गादीवर जयाजीराव महाराज शिंदे होते. घोड्यांचे आणि गवयांचे माहेरघर म्हणून हे संस्थान त्या काळी सगळ्या हिंदुस्थानात गाजत होते. विष्णुपंतांना वेड होते दोहोंचे. अश्वविद्येसाठी त्यांनी बाबासाहेब आपटे यांचे शिष्यत्व पत्करले आणि ख्यालगायनासाठी खाँसाहेब हद्दूखाँ यांचे. रिकिबीत पाय भक्कम रोवणे आणि तंबोऱ्याशी सूर मिळवून तासन् तास बसणे ही दोन टोके एकाच देहात कशी नांदत असतील, याचे आज नवल वाटते. हद्दूखाँसाहेबांच्या घरी महाराष्ट्रातून आलेले ब्राह्मण विद्यार्थी राहून शिकत. वासुदेवबुवा जोशी त्यांतलेच, आणि त्यांच्याकडूनच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी दक्षिणेत नेली. विष्णुपंतांचे नाव या नामावळीत क्वचितच येते. त्यांनी गाण्याचा व्यवसाय केला नाही, एवढेच त्याचे कारण.

शिक्षण संपवून परतल्यावर विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पागेवर रुजू झाले. इटालियन सर्कसवाला ज्युझेप्पे कियारिनी आपला तांडा घेऊन मुंबईस आला होता. त्याचा खेळ पाहून विष्णुपंतांच्या मनाने घेतले. असे खेळ हिंदी लोकांना साधावयास अजून पुष्कळ काळ जावा लागेल, असे कियारिनी बोलून गेला आणि ते बोल विष्णुपंतांच्या जिव्हारी लागले, अशी आख्यायिका आहे. पैजेची ही गोष्ट खरी असो वा नसो, पुढे घडले ते खरे. ‘ग्रेट इंडियन सर्कस’ 1880 साली उभी राहिली. पहिल्या खेळाची तारीख 20 मार्च अशी दिली जाते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी या स्थळाचे नाव सर्रास ‘कुर्डुवाडी’ असे छापले आहे. कुर्डुवाडी हे सोलापूरकडचे रेल्वेचे जंक्शन. तेथे ना गादी ना राजवाडा. पटवर्धनांचे कुरुंदवाड ते नव्हे. ही चूक एकाची पाहून दुसऱ्याने करीत आजवर चालत आली आहे.

सर्कस काढण्याचे धाडस एका घोडेस्वाराने करावे यात आश्चर्य मुळीच नाही. आधुनिक सर्कस लंडनमध्ये 1768 साली सुरू केली ती फिलिप अ‍ॅस्टली या लष्करी घोडेस्वारानेच. घोडा गोल रिंगणात एका लयीत धावू लागला म्हणजे स्वाराला आतल्या अंगाला किंचित झुकून त्याच्या पाठीवर उभे राहता येते, या युक्तीवर सारा खेळ उभा आहे. सर्कशीचे रिंगण सुमारे 42 फूट व्यासाचे ठरून गेले तेही त्यामुळेच. रिंगण फार लहान असेल तर घोड्याला वेग धरता येत नाही, आणि फार मोठे असेल तर स्वाराला तोल मिळत नाही. लय चुकली की स्वार जमिनीवर. ज्याने हद्दूखाँसाहेबांसमोर बसून विलंबित ख्यालाची लय अंगी मुरविली, त्याला हे वेगळे शिकावे लागले नसेल, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तांडा उत्तरेत फिरला, दक्षिणेत फिरला, समुद्र ओलांडून लंकेतही गेला. मलबारात तेलिचेरी येथे विष्णुपंतांची गाठ कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली, आणि सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे त्यांनी अंगावर घेतले. पुढे 1901 मध्ये कुन्हीकण्णन यांनी तेथे सर्कशीची शाळाच काढली आणि हा धंदा हळूहळू मलबाराकडे गेला. पण तो वेगळा विषय आहे.

हद्दूखाँसाहेब 1875 मध्ये पैगंबरवासी झाले. त्यांच्या मुलांपैकी रहिमतखाँ असामान्य गळ्याचे. पण वडिलांच्या व वडील बंधूंच्या मृत्यूनंतर त्यांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. अफूचे व्यसन जडले, देहाची शुद्ध राहीना. भटकत भटकत ते काशीस पोहोचले आणि तेथे दीनवाण्या स्थितीत विष्णुपंतांच्या दृष्टीस पडले, असे सांगतात. गुरुपुत्राला त्यांनी तेथून उचलले आणि आपल्या तांड्यात आणून ठेवले.

वाघसिंहांचे पिंजरे, घोड्यांच्या रांगा, झुल्यावरची मुले, तंबूच्या दोरखंडांचे ढीग, आणि या सगळ्यात ग्वाल्हेर गायकीचा एक अवलिया! ज्या गावी सर्कशीचा मुक्काम पडे त्या गावी खाँसाहेबांचे गाणेही होई. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी हा भार उचलला. खाँसाहेबांची अफू वेळेवर द्यावयाची, त्यांची लहर सांभाळावयाची, मनात नसताना त्यांना गावयास बसवावयाचे आणि गाणे रंगले की सुखरूप घरी आणावयाचे, हे काम काशिनाथपंतांनी वर्षानुवर्षे केले. सख्ख्या भावाचे कोणी एवढे करील की नाही, शंका आहे.

या मैफलींनी दक्षिणेतील गाण्याला काय दिले, याचा हिशेब करणे कठीण आहे. मिरजेत स्थायिक झालेले खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांच्या गायकीवर रहिमतखाँचा ठसा उमटला, हे जाणकार मानतात. भैरवीतील ‘जमुना के तीर’ दोघांच्याही नावावर आहे. रसिकांनी रहिमतखाँना ‘भूगंधर्व’ म्हटले.

विष्णुपंतांचे निधन 1905 मध्ये झाले. रहिमतखाँ त्यानंतर सुमारे सतरा वर्षे छत्र्यांच्याच आश्रयाने राहिले आणि 1922 मध्ये कुरुंदवाडास वारले. उतारवयात त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या आजही ऐकावयास मिळतात. आवाज थकलेला आहे, मुद्रण जुने आहे, खरखर पुष्कळ आहे. परंतु मधूनच एखादी तान अशी सरळ, स्वच्छ निघून जाते की हद्दूखाँसाहेबांच्या घरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काय ऐकू येत असेल, याचा अदमास यावा.