भगिनी सुब्बलक्ष्मी : समुद्राकाठचे एक वसतिगृह

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे आरोग्य म्हटले की आपल्यासमोर वार्षिक वैद्यकीय तपासणी, उंची-वजनाचे तक्ते, मधल्या सुट्टीचा आहार आणि कवायतीचा तास येतो. या गोष्टी हव्यातच. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला शाळेचा उंबरठाच ओलांडू दिला जात नसेल, तर हे तक्ते कोणासाठी भरायचे? शंभर वर्षांपूर्वी मद्रासमध्ये एका शिक्षिकेने या प्रश्नाला हात घातला. त्यांचे नाव आर. एस. सुब्बलक्ष्मी, तमिळ प्रदेश त्यांना भगिनी सुब्बलक्ष्मी म्हणून ओळखतो. महर्षी कर्वे आणि पंडिता रमाबाई ही नावे आपल्या घरातली आहेत. त्याच मालिकेतील हे दक्षिणेकडचे नाव मात्र आपल्याकडे फारसे उच्चारले जात नाही, म्हणून हीरक महोत्सवी ग्रंथात त्यांचे चरित्र सादर करीत आहे.

सुब्बलक्ष्मी यांचा जन्म 18 ऑगस्ट 1886 रोजी मद्रासच्या मैलापूर भागात झाला. वडील सुब्रमण्य अय्यर हे अभियंता, आई विशालाक्षी. नवव्या वर्षी चौथीच्या सार्वजनिक परीक्षेत ही मुलगी चिंगलपुट जिल्ह्यात पहिली आली. रूढीप्रमाणे लहान वयातच तिचे लग्न झाले आणि थोड्याच काळात पतीचे निधन झाले.

त्या काळच्या ब्राह्मण घरांत बालविधवेचे पुढचे आयुष्य कसे जाई, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. केशवपन, रंगीत वस्त्रांचा त्याग, एकभुक्त राहणे, एकादशीचा उपवास, मंगलकार्यात मज्जाव. यातील अपमानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शरीराविषयी त्या मानाने कमी. ज्या वयात हाडे वाढतात, रक्त वाढायला हवे, भूक दुप्पट होते, नेमक्या त्याच वयात मुलीला दिवसातून एकदा जेवायला सांगणे ही उपासमारच होय, मग तिला व्रताचे नाव द्या की आणखी कशाचे.

आईवडिलांनी सुब्बलक्ष्मी यांना या वाटेने जाऊ दिले नाही. त्यांना कॉन्व्हेंट शाळेत आणि पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकविले. 1911 मध्ये त्या प्रथम श्रेणीत पदवीधर झाल्या. मद्रास इलाख्यातील त्या पहिल्या हिंदू पदवीधर स्त्री होत. पुढच्याच वर्षी त्यांनी शारदा लेडीज युनियन ही संस्था स्थापन केली आणि एग्मोर येथील वडिलांच्या घरी चार बालविधवांना आश्रय देऊन शिकविण्यास आरंभ केला. लहानपणीच वैधव्य आलेली त्यांची मावशीही या कामात त्यांच्यासोबत होती. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत काढलेल्या संस्थेचे नाव शारदा सदन होते. दोन्हीकडे शारदेचेच नाव यावे, हा योग मोठा सुंदर आहे.

मुली वाढल्या, जागा अपुरी पडू लागली. शाळा-निरीक्षिका कुमारी लिंच यांच्या पाठिंब्यामुळे सरकार मदतीस आले आणि 1917 मध्ये तिरुवल्लिकेणीच्या समुद्रकिनाऱ्यावरील आइस हाउस ही इमारत सरकारने वसतिगृहासाठी घेतली. तिरुवल्लिकेणी म्हणजे कुमुदांचे पवित्र तळे. पार्थसारथीच्या प्राचीन मंदिराभोवती वसलेली ही जुनी, सनातनी वस्ती. आइस हाउसचा इतिहास मात्र अगदी वेगळा. अमेरिकेतून जहाजाने येणारा बर्फ साठविण्यासाठी 1842 मध्ये ही वर्तुळाकार दर्शनी भागाची वास्तू बांधली गेली. यंत्रावर बर्फ होऊ लागला तेव्हा तो व्यापार बंद पडला, आणि पुढे 1897 मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम येथे झाला. अशा या घरात विधवा मुली राहू लागल्या. ज्यांचे तोंड सकाळी दिसू नये असे लोक मानत, त्यांच्या खिडक्या आता थेट समुद्रावर उघडत होत्या. माझ्या मते तो मोकळा वारा हाच त्यांच्यावरचा पहिला उपचार होता.

या वसतिगृहात प्रवेश ब्राह्मण मुलींनाच होता आणि सोवळेओवळे पाळले जाई. आज हे खटकते, आणि खटकायलाच हवे. परंतु त्याशिवाय त्या घरांनी आपल्या मुली दारापर्यंतही येऊ दिल्या नसत्या, असा भगिनींचा हिशेब होता. 1922 मध्ये जवळच लेडी विलिंग्डन प्रशिक्षण महाविद्यालय आणि त्याला जोडलेली सराव शाळा सुरू झाली. भगिनी तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका. ही संस्था सरकारी असल्याने येथे निरनिराळ्या जातिधर्मांच्या स्त्रिया एकत्र शिकू लागल्या. अध्यापनशास्त्राच्या जोडीला येथे व्यवसाय शिक्षण आणि शारीरिक शिक्षण होते. ज्या शिक्षिकेने स्वतः कधी मैदानावर पाऊल ठेवले नाही ती मुलींना काय खेळविणार, हे आम्ही शाळा चालविणाऱ्या सर्वजणी जाणतो. येथून बाहेर पडलेल्या शिक्षिका मुलींच्या शाळांत गेल्या, ही त्या कामाची खरी व्याप्ती. 1927 मध्ये युनियनतर्फे शारदा विद्यालय उघडले गेले.

तरीही मूळ दुखणे शाळेबाहेर होते. बारा-तेराव्या वर्षी लग्न झाले की शिक्षण थांबे, आणि शरीराची वाढ पुरी होण्याआधीच बाळंतपण येई. सर मोरोपंत जोशी या मराठी कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखाली 1928 मध्ये संमतिवयाविषयी सरकारी समिती नेमली गेली, तिच्यापुढे भगिनींनी साक्ष दिली. सरकारी नोकरीत असल्यामुळे स्त्रियांच्या संघटनेचे सभासदत्व घेण्यास त्यांना मनाई होती. पण बालविवाहाविरुद्ध बोलणे त्यांनी सोडले नाही. 1929 मध्ये मंजूर झालेला शारदा कायदा 1 एप्रिल 1930 पासून अमलात आला. मुलीचे विवाहाचे किमान वय 14 ठरले. म्हणजे कागदावर का होईना, मुलीला आठवी-नववीच्या वर्गात बसण्याइतका अवधी मिळाला. अंमलबजावणी किती ढिली झाली, हा आणखी एका लेखाचा विषय आहे.

पुढील काळातही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1942 मध्ये मैलापूरला प्रौढ स्त्रियांसाठी श्रीविद्या कलानिलयम् ही शाळा त्यांनी काढली. 1952 ते 1956 त्या मद्रास विधान परिषदेच्या सदस्या होत्या. 1954 मध्ये तांबरमजवळील मादंबाक्कम या गावी स्त्रिया व मुलांसाठी कल्याण केंद्र उभारण्यात त्यांचा वाटा होता. तेव्हा त्यांचे वय 68 होते. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 20 डिसेंबर 1969 रोजी त्यांचे निधन झाले.

आइस हाउसमध्ये आता विवेकानंदांचे स्मारक आहे. लेडी विलिंग्डन संस्था त्याच किनाऱ्यावर आजही शिक्षक घडवीत आहे.